ग्लिसरीन आणि वऱ्हाडची कोरडी हवा

अकोला व अमरावती जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी रंगात येते आणि पुढे हवाही कोरडी पडत जाते. बोंडांच्या वाळक्या टोकांनी खरचटलेली बोटे, उललेले ओठ आणि भेगाळलेल्या टाचा यांवर औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन हा घरोघरचा स्वस्त उपाय ठरतो. महागड्या क्रीम-लोशनांच्या वेष्टनावरील घटकांच्या यादीतही पाण्याच्या मागोमाग बहुधा हेच नाव आढळते.

ग्लिसरीनचे मूळ तेलात व चरबीत आहे. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, आणि साबण करताना कॉस्टिक सोड्यामुळे हे बंध तुटले की मेदाम्लांचा साबण बनून ग्लिसरीन मोकळे होते. कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडाबरोबर तापवून हा गोड, दाट द्रव प्रथम वेगळा केला. वऱ्हाडच्या पिकाच्या हिशेबाने पाहता, क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघाल्यावर उरणाऱ्या सरकीत साधारण ११-१२ किलो तेल असते आणि त्या तेलात किलोभर ग्लिसरीन बांधलेले असते. मात्र सरकीचे तेल बव्हंशी खाण्यासाठी आणि ढेप जनावरांसाठी वापरली जात असल्याने ते ग्लिसरीन सहसा वेगळे काढले जात नाही.

ग्लिसरीन हे आर्द्रताधारक, म्हणजे पाणी ओढून धरून ठेवणारे द्रव्य आहे. त्याच्या रेणूतील तीन हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना बांधून ठेवतात, त्यामुळे त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर लवचीक राहतो. तथापि, हे पाणी कोठून तरी मिळावे लागते. दमट कोकणात ते हवेतून मिळते, पण उन्हाळ्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या अकोल्यात हवेत पुरेशी वाफ नसल्याने दाट ग्लिसरीन त्वचेच्या आतल्या थरांतील पाणी वर ओढते व तेही उडून जाते.

म्हणून वऱ्हाडात ग्लिसरीन कधीही निरसे लावू नये. एक भाग ग्लिसरीन आणि दोन-तीन भाग पाणी किंवा गुलाबजल असे मिश्रण अंघोळीनंतर ओलसर अंगावर चोळावे आणि त्यावर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा, कारण ग्लिसरीन पाणी धरते, तर स्निग्ध थर ते उडू देत नाही. बाटलीवर भारतीय औषधकोशाची ‘आय. पी.’ ही खूण पाहून घेणेही अगत्याचे आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेले ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले होते आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली होती. रक्त येण्याइतक्या खोल भेगांवर, विशेषतः मधुमेह्यांनी, घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.