फॉलिक ॲसिडयुक्त मीठ आणि स्त्रियांचे आरोग्य

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूचा व मणक्याचा पाया घातला जातो. तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फोलेट हे जीवनसत्त्व रक्तात आधीपासूनच पुरेसे हवे. ते कमी पडल्यास मणका उघडा राहण्यासारखे व्यंग उद्भवू शकते. मातेस रक्तक्षयही होतो.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. डॉ. ल्युसी विल्स १९२८ साली तेथे आल्या. गरोदर कामगार स्त्रियांचा विशिष्ट रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली मांडले. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण भारतातील खेड्यांतील ८३ स्त्रियांना चार महिने आयोडीन व फॉलिक ॲसिड मिसळलेले मीठ दिले. त्यांच्या रक्तातील फोलेट सुमारे ३.७ पट झाले. गोळी विसरते, मीठ रोजच्या भाजीत पडतेच. मात्र व्यंगे किती घटतात, हे या छोट्या अभ्यासाने मोजलेले नाही.

संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. येथे भगिनींनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: लाभ फॉलिक ॲसिडचा आहे, जास्त मिठाचा नव्हे. साध्या आयोडीनयुक्त मिठातही ते नसते. तेव्हा हरभरा, मूग, मेथी, पालक नित्य खावे आणि मूल हवे असल्यास आरोग्य केंद्रात विचारून गोळ्या आधीच सुरू कराव्यात. विद्यार्थिनींनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी.