घाटात गाडी दम का सोडते?



गाळप हंगामात वैभववाडी, कणकवली भागातला ऊस करूळ आणि भुईबावडा घाटाने वर जातो. सभेच्या, बिलाच्या कामासाठी सभासदांच्या गाड्याही त्याच वाटेने चढतात. त्यांत जुनी पद्मिनी किंवा मारुती ८०० अजून दिसते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. या गाड्यांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते : सपाटीला वाघ आणि घाटात शेळी. बरे, गॅरेजात नेली की ती शहाण्यासारखी चालते. मग अंदाजाने आज कॉइल, उद्या कार्ब्युरेटर बदलला जातो आणि खिसा मात्र हलका होतो.

उसाचे पान पिवळे दिसले की आम्ही लगेच युरिया टाका म्हणत नाही. कोवळे पान पिवळे की जुने, ते आधी बघतो. कोवळे असेल तर लोहाची कमतरता, जुने असेल तर नत्राची. गाडीचेही तसेच आहे. (हे सारे पेट्रोलच्या गाडीचे, डिझेलची गोष्ट वेगळी.)

पहिले बघायचे ते हे, की दम कसा सुटतो. पेट्रोल कमी पडले तर गाडी हळूहळू मरगळते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी उठत नाही. ठिणगी तुटली तर एकदम झटका बसतो, आणि आली तशी ती परतही येते.

सपाटीला इंजिनाला पेट्रोल थोडे लागते, म्हणून अर्धवट तुंबलेला फिल्टरही चालून जातो. घाटात मागणी वाढते आणि पुरवठा उघडा पडतो. अशा वेळी हाताने ओढायचा चोक असेल तर किंचित ओढून बघा. गाडीने जोर धरला तर पेट्रोल कमी पडते आहे हे नक्की समजा. मग गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. काम दमडीचे असते, पण ते कुणी बघत नाही! झाकण ठीक असेल तर फिल्टर, नळ्या, एसी पंप आणि कार्ब्युरेटरचे जेट, या क्रमाने जावे. विडी मात्र दूर ठेवा.

गाडी तापल्यावर बंद पडते आणि पाव तासाने आपोआप चालू होते, तर पंपावर ओला फडका ठेवा. लगेच चालू झाली तर पेट्रोलची वाफ होत होती. नाही झाली, तर संशय कॉइल आणि कंडेन्सरवर.

पावसातच मिसिंग होत असेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरी पुसून कोरड्या कराव्यात, टोपीला बारीक तडा आहे का तेही बघावे. मालवण, देवबाग, आचरा पट्ट्यातल्या गाड्यांना आणखी एक दुखणे : खारी हवा. बॅटरीची टोके आणि इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी वरून धड दिसते, आत गंज असतो. खड्ड्यात गाडी हलली की ठिणगी जाते. खोलून घासून घट्ट आवळली की बहुधा भागते.

आता आपल्या घरचाच विषय. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर पोचले. हे इथेनॉल आपल्याच उसाचेही आहे आणि त्याचा पैसा आपल्याला हवाच. पण जुन्या गाडीच्या बाबतीत खरे ते सांगायला हवे. इथेनॉल पाणी ओढून घेते, टाकीतला जुना साका सोडवून फिल्टरमध्ये आणते आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा यांना मऊ करते. लिटरमागे त्यात उष्णताही पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. पण घाटात गाडी अडते ती त्याने नव्हे. तुंबलेल्या फिल्टरने आणि फुगलेल्या नळीने अडते.

म्हणून जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घालून घ्यावेत. चाकरमानी भावाची गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावी उभी राहणार असेल, तर अर्ध्या टाकीत दमट हवा शिरून खाली पाणी साचू शकते. घाटाला लावण्यापूर्वी फिल्टर बदलावा आणि टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, स्थिर ठेवून बघावे. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवूनच गाडी रस्त्यावर काढावी.