एकशिंगी प्राणी घोडनदीकाठी का नाही?

लेखमाला : एका शिंगाची गोष्ट – लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण क्टीसियसपर्यंत आलो होतो. इराणच्या दरबारातल्या या ग्रीक वैद्याने इ. स. पू. ४०० च्या सुमारास भारतातल्या एकशिंगी रानगाढवाचं वर्णन केलं आणि त्याच्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, असंही लिहून ठेवलं. त्याने भारत पाहिलेला नव्हता. त्याच्या कानावर आलेल्या गोष्टींत आपला गेंडा मिसळला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. युरोपातल्या युनिकॉर्नची कथा तिथून वाढत गेली. पण ती जिथून निघाली, त्या देशातल्या माणसांनी एकशिंगी प्राण्याचं पुढे काय केलं? याचं उत्तर शोधायला शिरूर तालुक्यातलं इनामगाव फार मोलाचं आहे, कारण तिथे हा प्राणी सापडत नाही.

आधी त्याचं मूळ घर पाहू. सिंधू संस्कृतीच्या नगरांत, साधारण इ. स. पू. २६०० ते १९०० या काळात, संगजिऱ्याच्या लहान चौकोनी मुद्रांवर प्राणी कोरत असत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुद्रांवर एकच प्राणी आहे. अंग बैलासारखं, कपाळावरून वळत गेलेलं एक शिंग, आणि पुढ्यात दांड्यावर उभी केलेली एक वस्तू. तिला कोणी गव्हाण म्हणतं, कोणी धूपपात्र. हा साधा बैलच आहे, बाजूने पाहिल्यामुळे एक शिंग दुसऱ्याआड गेलं आहे, असा आक्षेप फार जुना आहे. तो टिकत नाही. त्याच कारागिरांनी वशिंडाचा बैल आणि म्हैसही बाजूनेच कोरली, पण त्यांची दोन्ही शिंगं दाखवली. शिवाय हडप्पा, मोहेंजोदडो आणि चन्हुदडो इथे याच प्राण्याच्या मातीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. त्या चारी बाजूंनी पाहता येतात, आणि शिंग एकच आहे.

आता इनामगाव. इथली घोडनदीच्या उजव्या काठावरची पांढरीची टेकाडं डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणली. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी इथे शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० ची, शेतकऱ्यांची. पाणी वळवायला पाट काढलेला, धान्य साठवायची सोय केलेली, मेलेली लेकरं रांजणांत ठेवून घराच्या भुईखाली पुरलेली. अशाच एका घराच्या भुईखाली कच्च्या मातीची एक झाकणाची डबी निघाली. डबीत एक स्त्रीमूर्ती होती आणि झाकणावर बिनडोक्याची दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. त्या बिनडोक्या मूर्तीच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्ही भोकांतून काडी घातली की देवी बैलावर बसते. काळ इ. स. पू. १३०० च्या आसपासचा. शेतकऱ्याने आपली देवी बसवायला आपल्याच दावणीचा प्राणी निवडला, ही गोष्ट मला या सगळ्या उत्खननातली सर्वांत बोलकी वाटते.

माझं म्हणणं असं : सिंधू संस्कृतीचा एकशिंगी प्राणी हा मुख्यतः कारभाराचा प्राणी होता. तो मुद्रेवर होता आणि मुद्रा मालावर उमटत होती. कारभार मोडला, मुद्रा कोरणं थांबलं, आणि तोही गेला. बैल मात्र नगरांवर अवलंबून नव्हता, त्याचं बिऱ्हाड शेतावर होतं. यावर कोणी म्हणेल, इनामगाव कुठे आणि हडप्पा कुठे; जे इथे कधी पोहोचलंच नाही ते हरवलं कसं म्हणायचं? अंतराचा मुद्दा खरा आहे, पण मधे दायमाबाद आहे. प्रवरेकाठच्या या ठिकाणी उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला, सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या गोल मुद्राही मिळाल्या. म्हणजे लिपीची खूण गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आली, एकशिंगी प्राणी आला नाही. १९७४ साली तिथे सापडलेल्या काशाच्या चार मोठ्या वस्तूंत एका शिंगाचा प्राणी आहे खरा, पण तो गेंडा आहे, सोबत हत्ती, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ. या वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, कारण त्या उत्खननाच्या थरात मिळालेल्या नाहीत. पण त्यांचा काळ कोणताही ठरला तरी घडवणाऱ्याने खरा प्राणी घडवला, मुद्रेवरचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एक शिंग विसरलं गेलं असेल, तर विष्णूचं ‘एकशृंग’ हे नाव, मनूची नाव ज्याला बांधली ते माशाचं शिंग, हरिणीच्या पोटी जन्मलेला ऋष्यशृंग, हे सगळं कुठून आलं? काही संशोधक यांचा धागा थेट सिंधू मुद्रांशी जोडतात. मला तो धागा कच्चा वाटतो. यांपैकी कुणाचंही अंग बैलाचं नाही, कुणाच्याही पुढ्यात ती दांड्यावरची वस्तू नाही, आणि माशाच्या शिंगाला तर कथेतच काम आहे : त्याला दोर बांधायचा आहे. शिंग ही बळाची खूण म्हणून माणसाला पुन्हा पुन्हा सुचू शकते, त्यासाठी हजार वर्षांची अखंड आठवण गृहीत धरावी लागत नाही. ऋष्यशृंगाचं प्रकरण मात्र इतक्यावर मिटत नाही. त्याला भुलवून अरण्याबाहेर आणणाऱ्या स्त्रीची कथा बौद्ध जातकांतही आहे, आणि युरोपात युनिकॉर्नला पकडायला कुमारिकाच लागते. त्या दोन कथांचं नातं पुढच्या आठवड्यात तपासू.