पन्नासावी घोडदळ डिव्हिजन

रणगाड्यांच्या आणि विमानांच्या युगात रशियाने हजारो घोडेस्वार रणांगणावर उतरविले हे ऐकले, की त्यात हतबलतेखेरीज दुसरे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात उत्तर काकेशसमध्ये उभारलेल्या पन्नासाव्या घोडदळ डिव्हिजनचा इतिहास वाचताना माझा तरी तो समज टिकला नाही.

जर्मनीशी युद्धास तोंड लागले त्या वेळी लाल सेनेत घोडदळाच्या अवघ्या १३ डिव्हिजन शिल्लक होत्या. यंत्रीकरणाच्या ओघात बाकीचा रिसाला मोडीत निघाला होता. परंतु पहिल्या काही आठवड्यांतच सोव्हिएत रणगाड्यांचा फार मोठा हिस्सा सरहद्दीच्या लढायांत नष्ट झाला, आणि नवे रणगाडे तयार होईपर्यंत जर्मनांच्या झपाट्याला आवर घालू शकेल असे वेगवान सैन्य आणावे कोठून, हा प्रश्न उभा राहिला. कुबान आणि डॉन या नद्यांच्या खोऱ्यांत घोडी होती व खोगिरावर वाढलेले कॉसॅकही होते. म्हणून वर्षअखेरपर्यंत ८० हून अधिक डिव्हिजन उभ्या राहिल्या. पन्नासावी ही त्यांपैकीच एक. सुमारे ३ हजार स्वारांची ही हलकी फौज होती आणि इस्सा प्लीयेव हा ओसेती अंमलदार तिचा सेनापती होता.

ऑगस्टच्या अखेरीस ही डिव्हिजन आणि तिची जोडीदार त्रेपन्नासावी डिव्हिजन, अशा दोन्ही मिळून सुमारे ३ हजार निवडक स्वार कर्नल लेव दोवातोर याच्या हुकुमतीखाली स्मोलेन्स्कच्या उत्तरेकडील अरण्यातून जर्मन फौजेच्या पिछाडीस शिरले. तोफा आणि सामानाच्या गाड्या त्यांनी मागेच ठेवल्या. जे घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढेच बरोबर. दलदलीतील ज्या वाटांवर चाक रुतून बसते, त्यांवरून घोडा पाय चाचपीत पलीकडे जातो, आणि या मोहिमेची सारी मदार त्या एका गोष्टीवर होती. दिवसा विमानांच्या नजरेआड झाडीत दडावे, रात्री मजल मारावी, रसदेच्या रस्त्यांवर आणि गाफील ठाण्यांवर छापे घालावेत, आणि कुमक येण्यापूर्वी दिसेनासे व्हावे, असा क्रम सप्टेंबरच्या आरंभापर्यंत चालला. शत्रूच्या नुकसानीचे त्या काळचे सोव्हिएत आकडे जपूनच घ्यावे लागतात. तथापि आघाडीवर हव्या असलेल्या जर्मन तुकड्यांना पिछाडीच्या पहाऱ्यात आणि पाठलागात अडकवून ठेवणे, हेच या छाप्यांचे खरे फळ होते.

हे स्वार बहुधा लढत ते पायउतार होऊन, ही गोष्ट चित्रपटांनी झाकून टाकली आहे. शत्रू समोर येताच बहुतेक स्वार उतरून बंदुका घेऊन पुढे सरकत, आणि काही जण मागे राहून साथीदारांची घोडी आडोशाला सांभाळीत. एकेका माणसाच्या हाती अनेक लगाम, भोवती तोफगोळे फुटत आहेत, घोडी उधळू पाहत आहेत, आणि ती उधळली तर पुढे गेलेल्यांना परतण्याचा मार्ग उरत नाही! या माणसाचे नाव कोणत्याही पोवाड्यात येत नसले, तरी माझ्या मते अवघ्या डिव्हिजनचा भार त्याच्या मनगटावर होता.

तलवार उपसून उघड्या मैदानात धावण्याचे काय होते, ते १७ नोव्हेंबर १९४१ रोजी क्लिनच्या नैर्ऋत्येस मुसिनो गावाजवळ दिसले. मध्य आशियातून आलेली चव्वेचाळिसावी घोडदळ डिव्हिजन तेथे बर्फाच्छादित मैदान ओलांडीत असता जर्मन तोफांच्या माऱ्यात सापडली आणि तिचा भीषण संहार झाला. जर्मन वृत्तांतांतील आकडे वादग्रस्त आहेत, पण तिची हानी फार मोठी होती हे निर्विवाद. पन्नासावी आणि त्रेपन्नासावी याच सुमारास वोलोकोलाम्स्कच्या बाजूने हटत हटत मॉस्कोकडे जाणारी वाट अडवून होत्या. २६ नोव्हेंबरला या दोन्ही डिव्हिजन ज्यात होत्या त्या दोवातोरच्या कोअरला ‘गार्ड’ हा बहुमान मिळाला, आणि पन्नासावी डिव्हिजन तेव्हापासून तिसरी गार्ड घोडदळ डिव्हिजन झाली.

डिसेंबरात पारडे फिरले. १९ तारखेस रूझा नदीकाठच्या पलाश्किनो गावाजवळ, पुढील फळीत जाऊन लढाई पाहणारा दोवातोर यंत्रबंदुकीच्या माऱ्यात ठार झाला. विसाव्या डिव्हिजनचा सेनापती तावलियेव यालाही त्याच दिवशी तेथेच मृत्यू आला. सेनापतीने इतके पुढे जावे काय, असे कोणी विचारील. पण स्वारांच्या मागे राहून त्यांना पुढे धाडणे त्याच्या स्वभावातच नव्हते. कोअरची सूत्रे प्लीयेवकडे आली.

यानंतर घोडा एकाकी राहिला नाही. कारखान्यांतून रणगाड्यांचा ओघ सुरू झाल्यावर घोडदळ आणि यांत्रिक कोअर एकत्र जोडण्याची पद्धत पडली: रणगाड्याने शत्रूची फळी फोडावी, आणि जेथे चिखल, अरण्य किंवा इंधनाची टंचाई त्याला अडवील तेथून पुढे स्वारांनी जावे. बेलारूसच्या दलदलीत ही जोडी फार उपयोगी पडली. प्लीयेवने तिचा सर्वांत विस्तृत प्रयोग ऑगस्ट १९४५ मध्ये जपानी फौजेविरुद्ध केला. सोव्हिएत व मंगोल स्वारांना रणगाड्यांसह गोबीच्या वाळवंटातून पार नेऊन त्याने दोलोन्नोर आणि कालगान ही ठिकाणे गाठली. त्याची जुनी डिव्हिजन मात्र पश्चिमेकडेच राहिली, आणि जनरल क्र्युकोव्हच्या कोअरबरोबर पोलंड ओलांडून जर्मनीत शिरली. पुढे दहा-बारा वर्षांच्या आतच सोव्हिएत सैन्यातून घोडदळ हा विभागच बरखास्त करण्यात आला.