हळद भाजीतली आणि हळद गोळीतली

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातील एक काकू माझ्या दवाखान्यात आल्या. वय ४८. आठ दिवस अन्नावर वासना नाही, लघवी गडद पिवळी, डोळेही पिवळे. कावीळ उघड दिसत होती, पण विषाणूंच्या काविळीच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या. एसजीपीटी मात्र हजाराच्या घरात! "काही औषध चालू आहे का?" असे मी तीनदा विचारले, तिन्ही वेळा "नाही". अखेर मुलगी म्हणाली, "आई, ती वजनाची बाटली सांग ना." काकू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, ते औषध कुठलं? हळदच की ती! माझं माहेर सांगलीचं."

सांगलीच्या लेकीला हळदीची भीती घालणे कठीणच. हरिपूरच्या पेवांत हळद साठवणारा हा मुलूख; २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण हिशेब पाहा. हळदीतील कुरक्युमिन हा घटक शेकडा तीनच्या आसपास असतो. म्हणजे चहाचा एक चमचा हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम. काकूंच्या एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क होता, म्हणजे पाच चमचे हळद, आणि त्या रोज दोन घेत. भाजीतले कुरक्युमिन रक्तात फारसे उतरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ साली दाखवले, की मिऱ्यातील पायपेरीन जोडीला दिल्यास ते वीसपट शोषले जाते. उत्पादकांनी नेमके तेच उचलले. काकूंच्या बाटलीवरही मिऱ्याचा अर्क लिहिलेला होता, अगदी बारीक अक्षरात.

काहींच्या यकृताला हा मारा सोसत नाही. कोणाच्या, ते आधी ओळखता येत नाही. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला.

आणि एवढे करून वजन किती उतरते? प्रयोगांची गोळाबेरीज पाहिली तर जेमतेम किलोभर. कोकमाच्या कुळातील मलबारी चिंचेचीही हीच गत. तिच्यातील आम्ल साखरेची चरबी होऊ देत नाही, हे परीक्षानळीत खरे. पण १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला, तेव्हा खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचे वजनही तितकेच उतरले! त्या सर्वांना आहार मोजून दिला होता, हे जाहिरातवाले सांगत नाहीत.

काकूंची बाटली बंद केली. दोन महिन्यांत यकृत पूर्ववत झाले. भाजीतली हळद मी बंद केली नाही, तशी गरजही नव्हती.

वाचकहो, वजनाची कोणतीही 'वनस्पतीजन्य' गोळी चालू असेल तर डॉक्टरांकडे जाताना बाटली बरोबर न्या. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये. लघवी चहासारखी दिसू लागली तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि एसजीपीटी करून घ्या.