गायब झालेल्या हार्ड डिस्कचा माग

लग्नसराई आटोपली की फोटो स्टुडिओवाल्यांचे सीपीयू दुकानात यायला लागतात. कोकणातल्या तालुक्याच्या गावात हे ठरलेलंच. त्यातल्या एका सीपीयूबरोबर मालक स्वतः आले होते आणि टेबलापासून हलायला तयार नव्हते. विंडोज व्यवस्थित सुरू होत होतं, पण डी ड्राइव्ह नाहीसा झाला होता. त्या २ टीबीच्या हार्ड डिस्कवर अख्ख्या हंगामातली लग्नं होती आणि काही घरांचे अल्बम अजून द्यायचे होते.

"दुसरीकडे कॉपी आहे?" हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर आलं, "नाही." पुढचं सगळं काम या उत्तरावर ठरतं. कॉपी असेल तर डिस्क बिनधास्त तपासावी, हवी तर बदलून टाकावी. कॉपी नसेल तर आधी डेटा बाहेर काढायचा, डिस्कचं काय ते मागाहून.

'डिटेक्ट होत नाही' ही तक्रार एकच, पण बिघाड चार ठिकाणी असू शकतो. डिस्कला वीज मिळते का? डिस्क मदरबोर्डला कळते का? मदरबोर्डाच्या बायोसला दिसलेली डिस्क विंडोजला दिसते का? आणि विंडोजला दिसत असूनही तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालंय का? याच क्रमाने जायचं. मधली पायरी गाळली की हमखास भलतीच वस्तू बदलली जाते.

सुरुवात कानाने करतो. दुकानातला पंखा बंद केला, सीपीयू चालू केला आणि डिस्कच्या कडेला बोट टेकवलं. साडेतीन इंची डिस्क धड असेल तर आधी बारीक घरघर चढत जाते, डेटा वाचणारं हेड जागेवरून सुटताना हलकासा 'टक्' ऐकू येतो आणि मग मिनिटाला हजारो फेऱ्यांची एकसारखी थरथर बोटाला जाणवते. काहीच जाणवलं नाही तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे वळायचं. मोटरला १२ व्होल्ट लागतात, सर्किटला ५. व्होल्टेज जास्त आलं तर डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. अशी डिस्क अगदी गप्प असते, पण आतला डेटा बहुधा शाबूत असतो. एका एसएमपीएसची सुटी केबल दुसऱ्याला लावणं मात्र घातक. टोक बरोबर बसतं, आतल्या वायरींचा क्रम वेगळा निघतो आणि डिस्क जळते.

सगळ्यात वाईट आवाज म्हणजे थांबून थांबून येणारी 'टक्-टक्'. बहुतेक वेळा त्याचा अर्थ हेडला आपली जागा सापडत नाहीये. हेड प्लॅटरपासून, म्हणजे डेटा साठवणाऱ्या तबकडीपासून, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते बिघडून खाली टेकलं तर चुंबकीय थरच खरवडला जातो, आणि खरवडलेला डेटा जगात कुणीही परत आणू शकत नाही. तो आवाज आला की मी स्विच बंद करतो आणि गिऱ्हाइकाला क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचा रस्ता दाखवतो. दुकानात झाकण उघडायचं नाही, कितीही विनवण्या झाल्या तरी.

या डिस्कचा आवाज स्वच्छ होता. साटाची डेटा केबल बदलली, फरक पडला नाही. आमच्याकडच्या दमट हवेत डिस्कच्या बोर्डामागचे संपर्कबिंदू काळे पडतात, म्हणून बोर्डाचे स्क्रू काढून तेही पाहिले. पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून बोर्ड परत बसवला. तरीही बायोसमध्ये डिस्कचा पोर्ट रिकामाच.

मग मदरबोर्डावर नजर गेली. एम डॉट टू स्लॉटमध्ये नवाकोरा एसएसडी बसवलेला होता. "हा कधी बसवला?"

"नुकताच, कॉम्प्युटर फास्ट व्हावा म्हणून. तेव्हापासूनच डी ड्राइव्ह गेला बघा."

बऱ्याच मदरबोर्डांवर एम डॉट टू स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच मार्गावर असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट आपोआप बंद होतात. मॅन्युअलमधल्या एका छोट्या तक्त्यात ते छापलेलं असतं. या बोर्डाचा तक्ता काढला, तर तसंच निघालं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि बायोसमध्ये डिस्कचं नाव उमटलं.

"दादा, झालं ना?"

झालं नव्हतं. विंडोज सुरू न करता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, कारण विंडोज अशा संशयास्पद डिस्कवर परस्पर चेकडिस्कची दुरुस्ती सुरू करू शकतं आणि ती डेटा आणखी बिघडवू शकते. मग स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींची, यादी उघडली. तिच्यात १९९ क्रमांकाचा आकडा केबलमधल्या चुका दाखवतो, ५ क्रमांकाचा बाद करून बदललेले सेक्टर, आणि १९७ क्रमांकाचा वाचताना अडलेले सेक्टर. इथे १९७ समोर शून्य नव्हतं. डिस्क दिसेनाशी झाली ती पोर्टमुळे, पण प्लॅटरही दगा द्यायला लागला होता. नुसता पोर्ट बदलून सीपीयू परत दिला असता, तर पुढच्या हंगामात ती डिस्क कायमची गेली असती. आणि स्मार्ट स्वच्छ दिसला तरी निर्धास्त राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या बाबतीत स्मार्टच्या चार मुख्य निर्देशकांनी काहीच इशारा दिला नव्हता.

नवी डिस्क जोडून डीडीरेस्क्यू चालवलं. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा नोंदवून पुढे सरकतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. सुस्थितीतल्या २ टीबीलाही काही तास लागतात, म्हणून काम रात्रभर चालू ठेवलं. सकाळी जवळपास सगळी लग्नं नव्या डिस्कवर आली होती. मोजके फोटो अर्धे उघडत होते, खालचा भाग नुसता करडा. ते परत येणार नव्हते, आणि मी मालकांना तसं स्पष्ट सांगितलं.

तुमची डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर कॉम्प्युटर बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. शेवटचा काय बदल केला होता ते आठवा आणि दुरुस्तीवाल्याला सांगा. विंडोजने 'इनिशिअलाइझ' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर नाही म्हणा. नुसतं ड्राइव्हचं अक्षर हरवलं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून ते देता येतं, डेटाला धक्का लागत नाही. आणि ज्या फोटोंवाचून तुमचं चालणार नाही, त्यांची दुसरी कॉपी आजच वेगळ्या डिस्कवर करून ठेवा.