विक्रेत्याचा पोशाख

मालविक्रीच्या नोकरीवर रुजू होणाऱ्या मुलाला उसनवारी करून सूट शिवावा कीं नाहीं, हा प्रश्न हल्लीं बऱ्याच घरांत निघतो. वडील मंडळी खर्चाकडे बोट दाखवितात, मुलगा म्हणतो, "काका, गिऱ्हाईक आधीं कपडेच पाहतें!" आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें आहे.

गिऱ्हाईक कपडे पाहतें. पण त्यांची किंमत क्वचितच पाहतें. मळकी कॉलर, तुटलेलें बटण, टाच झिजलेला बूट हीं मात्र त्याच्या नजरेंतून सुटत नाहींत. नव्या कोटाच्या बाहीवरची कारखान्याची चिठ्ठी तशीच मिरविणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत. ती उसवून टाकावयाची असते, हें बिचाऱ्यांना कोणीं सांगितलेलेंच नसतें!

शिवाय मुंबईच्या दमट हवेंत, लोकलच्या गर्दींतून लोकरी कोट घालून पोहोंचलेला माणूस निम्मी भेट घाम पुसण्यांतच घालवितो. शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या जपानांतही २००५ सालीं सरकारनें 'कूल बिझ' ही मोहीम काढली. उन्हाळ्यांत कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावें व कोट-टाय उतरवावे, असा तिचा आग्रह होता.

तेव्हां आरंभीं पूर्ण बाह्यांचे फिकट सुती सदरे तीन, गडद विजारी दोन व कातडी बुटांचा एक चांगला जोड एवढें पुरे. एखाद्या मोठ्या कचेरींत बोलावणें आलेंच, तर घरांतल्या कोणाचा अंगाबरोबर बसणारा कोट हातावर न्यावा व दाराशीं चढवावा. सूट त्यानें पुढें आपल्या कमाईंतून शिवावा.